मुंबईत ‘चांगले हॉटेल’ कसे शोधत असत? एका शब्दाचा दीडशे वर्षांचा प्रवास

१/
‘जवळपास चांगले हॉटेल कोणते?’ हा प्रश्न आज आपण फोनला विचारतो आणि दोन मिनिटांत वीस नावे समोर येतात. मुंबईत हा प्रश्न गेली दीडशे वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरे बदलत गेली, यात नवल नाही. प्रश्नातल्या ‘चांगले’ या शब्दाचा अर्थच बदलत गेला, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. कधी त्याचा अर्थ ‘आपल्या माणसांचे’ असा होता, कधी ‘सोवळ्यातले’, कधी ‘पगार होईपर्यंत थांबणारे’. ‘चविष्ट’ हा अर्थ सर्वांत वर येऊन बसला तो बराच उशिरा. या धाग्यात तो प्रवास पाहू.

२/
आधी शहर समजून घेऊ. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यांतल्या शंभरांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी माणसांचा जन्म मुंबईबाहेर झालेला होता. हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे.

या दोन आकड्यांतच आपला विषय दडलेला आहे. लक्षावधी पुरुष गावी घरदार ठेवून या शहरात एकटे राहत होते. त्यांना रोज दोन वेळा कोण जेवू घालणार?

३/
पहिले उत्तर होते खाणावळ. चाळीतल्या एका खोलीत एखादी बाई दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. पाटी नसे, दरपत्रक नसे. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत. दर महिन्याचा, हिशेब पगाराच्या दिवशी. मेंबर गावी गेला किंवा जेवायला आला नाही तर त्याचे ‘खाडे’ धरले जात. पाळी चुकवून येता येत नसे, म्हणून काहींचा डबा थेट गिरणीच्या दारात जाई.

अशी खाणावळ शोधायची कशी? ती शोधावी लागतच नसे. रत्नागिरीकडचा तरुण बोटीतून उतरला की गावकऱ्यांच्या खोलीवर जाई. तिथली मंडळी ज्या बाईकडे जेवत, तिच्याकडेच त्याचेही पान वाढले जाई. नोकरी, झोपायची जागा आणि जेवण या तिन्हींची शिफारस बहुधा एकाच तोंडून येई.

४/
यामुळे चवींचा एक नकाशाच शहरात उभा राहिला. कोकणातल्या माणसाला भात आणि मासळीचे कालवण हवे; साताऱ्याकडच्या घाटावरल्या माणसाला भाकरी, झणझणीत रस्सा आणि सोबत कांदा. एकच बांगडा घेतला तरी गोमंतकीय घरात तो ओल्या खोबऱ्याच्या वाटणात तिरफळे घालून शिजे. मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या पाठारे प्रभूंकडे परभी सांबार नावाचा स्वतंत्र मसाला. वसई-साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरलेला ‘बॉटल मसाला’. कोळीवाड्याची तऱ्हा आणखी वेगळी. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे जाडजूड पुस्तक १९१० साली निघाले, यावरून या खाद्यसंस्कृतीच्या श्रीमंतीची कल्पना यावी.

मात्र या चवी आपापल्या उंबरठ्याआड होत्या. शेजारच्या चाळीतली आमटी कशी लागते, हे ठाऊक नसलेली माणसे एकाच गिरणीत जन्मभर काम करीत.

५/
असे का? कारण जेवण हा केवळ जिभेचा व्यवहार नव्हता. अन्न कोणी शिजवले, पाणी कोणी आणले आणि पंगतीला शेजारी कोण बसले, यांवर माणसाचे जातीतले स्थान अवलंबून असे.

१८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत परमहंस सभा ही गुप्त मंडळी स्थापन केली. तिच्यात प्रवेश घेताना सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. जातिभेद मानत नसल्याची ती कसोटी होती. आज कोपऱ्यावर सहज मिळणारा पाव त्या काळी दारे बंद करून खाण्याची वस्तू होती. पुढे सभासदांची नावे असलेले कागद चोरीला गेले, बोभाटा होण्याच्या धास्तीने मंडळी पांगली आणि सभा मोडली. या पावाकडे लक्ष ठेवा; तो या कथेत परत येणार आहे.

६/
ही धास्ती अनाठायी नव्हती. चाळीस वर्षांनंतरचे पुण्यातले उदाहरण इतिहासप्रेमींना परिचित आहे. १८९० मध्ये गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये नेले. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली आणि नंतर उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले आणि १८९२ मध्ये रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले.

एका पेल्याभर चहासाठी रानड्यांसारख्या प्रतिष्ठित माणसाची ही स्थिती, तर चाळीतल्या कारकुनाने परक्या हॉटेलात पाऊल टाकताना किती वेळा मागे वळून पाहिले असेल!

७/
मग ज्यांना बाहेर खायचेच नव्हते त्यांनी काय केले? त्यांनी घर कचेरीत बोलावले. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासून सांगितली जाते आणि तिचे श्रेय महादू हावजी बच्चे यांना दिले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातून आलेल्या माणसांनी ही व्यवस्था उभी केली.

डबेवाल्यांचे कौतुक बहुधा त्यांच्या अचूकपणासाठी होते. इतिहासाच्या अंगाने पाहता त्यांचे यश आणखी एका गोष्टीची साक्ष देते: ज्या शहरात शेकडो प्रकारचे अन्न शिजत होते, त्या शहरातल्या हजारो माणसांना केवळ एकाच, आपल्याच चुलीवरचे अन्न चालत होते. त्यात आवड होती, काटकसर होती, पथ्य होते आणि जातही होती. या चार गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

८/
विसाव्या शतकाच्या प्रारंभी मध्यमवर्ग वाढला. कचेऱ्या वाढल्या, परीक्षेला आणि खटल्यांसाठी येणारी माणसे वाढली. आता ओळखीवाचून जेवता येईल अशा जागा हव्या होत्या. पण अनोळखी जागेवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? पाटीच्या! ‘हिंदू हॉटेल’, ‘ब्राह्मणी खाणावळ’, ‘शुद्ध’, ‘स्वच्छ’, ‘आरोग्य’ ही विशेषणे पाट्यांवर उमटली. दादरला १९१० पासून चाललेल्या मामा काण्यांच्या उपाहारगृहाचे नावच ‘स्वच्छ उपाहारगृह’ असे होते. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे तर राजकारणाचे ठाणे झाले. लोकमान्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी तिथेच झाले.

‘शुद्ध’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदत होते. एक आरोग्याचा, दुसरा सोवळ्याओवळ्याचा. १८९६ च्या प्लेगनंतरच्या मुंबईत पहिल्याची भीती खरी होती आणि तिच्या आडून दुसराही निर्वेधपणे चालत राहिला.

९/
आता ज्यांच्यासाठी यांतली बहुतेक दारे बंद होती, त्यांच्याकडे वळू. अस्पृश्य ठरवलेल्या जातींचे हजारो कामगार याच गिरण्यांत होते. पण विणकाम खात्यात, जिथे मजुरी अधिक, तिथे त्यांना प्रवेश नसे. कारण असे की धोट्यात कांडी घालताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगार त्यांनी उष्टावलेल्या धाग्याला तोंड लावायला तयार नसत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला.

उष्ट्याचा नियम ताटापुरता नव्हता, तो थेट मजुरीच्या हिशेबात शिरला होता. १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या केल्या. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. खाजगी मालकीची हॉटेले तर त्या ठरावाच्या कक्षेबाहेरच होती.

१०/
अशा या शहरात एक निराळी जागा उघडली: इराण्याचे हॉटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या लोकांनी ही हॉटेले काढली. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत बिस्किटे; ब्रून मस्का, खिमा आणि चहा.

ही हॉटेले नेमकी नाक्यावर कशी, याची एक लोकप्रिय कथा आहे: हिंदू व्यापाऱ्यांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. कथा रंजक आहे. पण एवढेही ध्यानात घ्यावे की दोन रस्त्यांवर उघडणाऱ्या दुकानाला दुप्पट गिऱ्हाईक दिसते, आणि हे कळायला कोणत्याही व्यापाऱ्याला पंचांग उघडावे लागत नाही.

११/
इराण्याचे महत्त्व पदार्थांपेक्षा बैठकीत आहे. मालक ना आपल्या गावचा, ना आपल्या जातीचा. त्याला गिऱ्हाइकाच्या कुळाशी कर्तव्य नव्हते. टेबल चौघांचे, आणि जागा रिकामी दिसेल तिथे बसायचे. समोर गिरणी कामगार, शेजारी वकिलाचा कारकून, पलीकडे टॅक्सीवाला. एका चहावर तासभर वर्तमानपत्र वाचता येई.

मालक मोकळे होते तरी शिस्त कडक. अमुक करू नये, तमुक करू नये अशा सूचनांच्या पाट्या भिंतीवर असत. धोबी तलावाच्या बस्तानी हॉटेलातल्या अशा पाटीवरून निसिम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताच रचली. गंमत पाहा: या पाट्यांवर वागण्याचे नियम होते, जन्माचे नव्हते. पंगतीचा नियम ‘तू कोण’ असे विचारी. इराण्याचा नियम ‘तू इथे कसा वागतोस’ एवढेच विचारी. शहर या शब्दाचा अर्थ लोकांना अशाच ठिकाणी कळत गेला.

१२/
पण ‘सर्वांसाठी’ म्हणताना स्त्रिया कुठे होत्या? खाणावळीत त्या चुलीपुढे होत्या, पानावर नव्हत्या. एकट्या स्त्रीने हॉटेलात बसणे दीर्घ काळ कुलीनपणाला शोभणारे मानले जात नसे. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘फॅमिली रूम’: लाकडी फळ्यांनी वा पडद्याने आडोसा केलेली जागा. इराण्यांकडेही ती असे, इतरत्रही असे.

आज ती पाटी पाहून हसू येते. पण आपल्या पणजीच्या पिढीतल्या कित्येक स्त्रियांनी घराबाहेरचा पहिला चहा त्या फळ्यांच्या आड घेतला असेल. तो आडोसा बंधन होता आणि पहिली मोकळीकही होता.

१३/
दुसरी मोठी वाट उघडली उडुपी हॉटेलांनी. प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखीव वसाहत उभारली आणि माटुंग्यात दक्षिण भारतीय नोकरदार मोठ्या संख्येने राहू लागले. तिथे १९४० मध्ये कॅफे मद्रास आणि १९४२ मध्ये ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम. उडुपीच्या मठाच्या परंपरेतला सात्त्विक स्वयंपाक.

उडुपी हॉटेले इतकी पसरली त्याची कारणे साधी आहेत: स्टेशनालगतची जागा, झटपट सेवा, परवडणारे ठराविक दर. त्यांत आणखी एक भर घालायला हवी. सोवळ्याच्या जुन्या नियमाप्रमाणे ब्राह्मणाच्या हातचे अन्न बहुतेकांना चालत असे. त्यामुळे उडुपी स्वयंपाकघराबद्दल कर्मठ माणसालाही शंका घेता येईना. इराण्याने नियमाकडे दुर्लक्ष केले होते. उडुप्याने नियमाच्याच आधाराने सर्वांसाठी पान मांडले. पुढे मराठी, गुजराती, सिंधी घरांतली मुले डोसा आपलाच समजून वाढली.

१४/
२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम एकदा मुद्दाम वाचा. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यापासून रोखता येणार नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने असा मज्जाव हा गुन्हा ठरवला.

देशाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचा नावानिशी उल्लेख का करावा लागला, असा प्रश्न कोणाला पडला तर वरचे तेरा भाग हेच त्याचे उत्तर आहे. बोले ठरावाच्या कक्षेबाहेर राहिलेले दार इथे उघडले गेले.

१५/
कायद्याने दार उघडले तरी चवीचे राजकारण संपले नाही; त्याने रूप बदलले. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. नोकऱ्यांतील दाक्षिणात्यांच्या वर्चस्वाविरुद्ध तिने जी आघाडी उघडली, तिच्या रोषाला उडुपी हॉटेलेही बळी पडली. ‘हे हॉटेल कोणत्या जातीचे’ या प्रश्नाच्या जागी ‘हे हॉटेल कोणत्या प्रांताचे’ हा प्रश्न आला.

त्याच सुमारास वडापाव अवतरला. १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगितले जाते. मराठी तरुणांनी असे व्यवसाय करावेत म्हणून शिवसेनेने वडापावच्या गाड्यांना प्रोत्साहन दिले. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर योजना आणली, त्यामागेही हाच धागा होता.

आणि आता तो पाव आठवा. पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द, ख्रिस्ती भट्टीतून आलेली वस्तू, अमेरिका खंडांतून आलेला बटाटा आणि मिरची. १८४९ मध्ये जो खाल्ल्याने जात जाई, तोच पाव सव्वाशे वर्षांच्या आत मराठी अस्मितेचे चिन्ह झाला.

१६/
खाणावळवाल्या बायकांचे पुढे काय झाले? त्यांचा धंदा उधारीवर चाले. वाण्याचे देणे, सावकाराचे व्याज, आणि मेंबरांचा पगार लांबला की सारा भार त्यांच्यावर. संप झाला तरी चूल बंद करता येत नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. जिच्या कष्टांवर गिरणगाव जेवत होते, ती बाई बँकेच्या वहीत प्रथमच ‘व्यावसायिक’ म्हणून नोंदली गेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, मेंबर गावी परतले. संपाच्या इतिहासात मालक, युनियन आणि सरकार यांची कागदपत्रे भरपूर सापडतात. खाणावळवालीच्या वहीत राहून गेलेली येणी मात्र कोणत्याही दप्तरखान्यात जमा नाहीत.

१७/
आज त्याच गिरण्यांच्या जमिनींवर, फिनिक्स मिल आणि कमला मिलच्या आवारांत, शहरातली नावाजलेली उपाहारगृहे आहेत. जिथे महिन्याच्या बोलीवर जेवण मिळे, तिथे एका जेवणाचे बिल जुन्या कामगाराच्या महिन्याच्या पगाराहून मोठे असते.

शब्द मात्र जुनेच आहेत. ‘घरगुती’, ‘अस्सल’, ‘शुद्ध शाकाहारी’, ‘मालवणी’, ‘ब्राह्मणी पद्धतीचे’. यांतला प्रत्येक शब्द चवीची माहिती देतो आणि सोबत जुना प्रश्नही हळूच घेऊन येतो: स्वयंपाकघरात कोण आहे आणि शेजारी कोण बसणार आहे? आवडनिवड वेगळी असणे यात काहीच वावगे नाही. शहराची गोडी त्या वेगळेपणातच आहे. मात्र आवड कुठे संपते आणि मज्जाव कुठे सुरू होतो, ती रेषा ओळखता यायला हवी. तिच्यासाठी माणसांनी गुप्त सभा भरवल्या, प्रायश्चित्ते सोसली, सत्याग्रह केले.

१८/
थोडक्यात सांगायचे तर मुंबईने ‘चांगले हॉटेल’ या शब्दांचा अर्थ चार पायऱ्यांनी बदलला: आपले, शुद्ध, सर्वांचे आणि मग रुचकर. चौथी पायरी आपल्याला आयती मिळाली. आज आपण परक्या गल्लीत शिरून अनोळखी माणसाच्या हातचे निर्धास्तपणे चाखतो आणि ‘मीठ जरा जास्त आहे’ एवढीच तक्रार करतो. ही तक्रार करता येणे हीच त्या प्रवासाची कमाई आहे.

शेवटी एक विनंती. घरात जुन्या मुंबईत राहिलेले आजी-आजोबा, मामा, काका असतील तर त्यांना विचारा: तुम्ही पहिल्यांदा बाहेर कुठे जेवलात, कोणासोबत, आणि घरी ते सांगितले होते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवा. सामाजिक इतिहासाची पुष्कळ साधने अशीच स्वयंपाकघरात पडून असतात. तुमच्या घरातले उत्तर या धाग्याखाली जरूर लिहा.